वण

डॉक्टर कापडिया म्हणाल्या, तुम्ही पापण्याच मिटत नाही.
मिनिटाला पंधरा वेळा मिटायला हव्यात,
तुमच्या चार.
डोळ्यांतलं पाणी आटलंय.
मी म्हटलं, बाई, लोकांचे डाग काढतो मी,
पापणी मिटली की हात घसरतो.
त्यांनी थेंब लिहून दिले
आणि दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब बघा म्हणाल्या.

भांडुप गावात, माझ्या दुकानाच्या दारातून
वीस फुटांवर मोबाइल दुरुस्तीवाल्याचा बोर्ड आहे.
त्यावर एक गोरी बाई दात दाखवते.
तीही कुणीतरी पुसून पुसून केलेली,
कोपराला सुरकुती नाही.
तिच्याकडे बघून मी डोळ्यांना विश्रांती देतो.

पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो,
टोक सुईसारखं.
देवीचा एक वण भरायला अर्धी दुपार जायची,
तेवढ्यात माणूस ओळखीचा व्हायचा.
आता तीन क्लिक.

वैतींच्या दर्शनाला डाव्या भुवईत वण होता.
सहा वर्षांची असताना, खाडीवर,
बापानं गळ फेकायला हात मागे नेला
आणि गळ तिच्या भुवईत रुतला.
तिथे पुन्हा केस उगवले नाहीत.
बँकेच्या परीक्षेसाठी फोटो काढायला आली
तेव्हा मी तो पुसला. विचारलं नाही.
कुणालाच विचारत नाही मी,
न्हावी मान साफ करतो, तसं.
आठ प्रती हातात घेऊन ती दारात थबकली,
म्हणाली, काका, ही माझ्यापेक्षा हुशार दिसतेय.
पास होईल ही.
आणि हसली. तोच फोटो तिनं मग सगळीकडे लावला.

मंगळवारी, शटर अर्धं खाली असताना, वैती आला.
फोन माझ्या हातात दिला, उलटा.
तुम्ही बघा, म्हणाला, मी पुरतं बघितलं नाही.
गावानं बघितलंय.
आणि पाठ फिरवून
त्या बोर्डावरच्या बाईकडे बघत उभा राहिला.

मी बघितलं, कामासारखं.
गळ्याखाली रंग बदलतो. कानातलं एकच.
उजेड डावीकडून, नाकाची सावलीही डावीकडेच.
शिकाऊ हात आहे. किंवा हातच नाही,
कुणीतरी सांगितलं आणि यंत्रानं करून दिलं.
मग भुवई मोठी केली, चारशे टक्के.
भुवई अखंड होती.

खोटं आहे वैती! मी ओरडलोच.
वण नाही! तिचा वण कुठाय, दाखव!
तो वळला. आठ दिवसांत पहिल्यांदा
त्याचे खांदे खाली आले असावेत.
भिंतीला टेकून मोठ्यानं रडला,
पंधरा वर्षं ज्या गळाला शिव्या घातल्या
त्याच गळाला हात जोडत.

मी रडलो नाही. पाणीच नव्हतं.
शिवाय मला केस ओळखू येत होते.
भुवईच्या टोकाकडचे सात
मी शेजारून उचलून चिकटवले होते,
त्यातला एक जरा आडवा बसला होता.
तो तसाच आडवा होता.

चौकीत हे सांगावं लागेल.
म्हणजे असं, की साहेब, चित्र खोटं आहे,
कारण त्यातला चेहरा मी केलेला आहे.
साहेब विचारतील, मग खरा कुठाय?
मूळ फाइल मी त्याच संध्याकाळी उडवली होती.
जागा अडते.

चहा सांगितला. वैती प्यायला नाही.
मी मान मागे टाकून थेंब घातले, दोन दोन,
आणि डोळे मिटून बसलो,
किती वेळ, ठाऊक नाही.
कुणीतरी शटर वाजवलं,
पासपोर्टचे अर्जंट मिळतील का?
नाही, वैतीनंच सांगितलं.
मग मला म्हणाला, उद्या घेऊन येतो तिला.
आठ दिवस दार लावून बसलीय,
पण सांगतो, फोटो काढायचाय.
मी म्हटलं, आण. कॅमेरा धुऊन ठेवतो.

कॅमेरा धूत नाहीत.
तो काही बोलला नाही.